वाफ्यात अळू लावू की तुऱ्याचं गवत?

ताई, नमस्कार.
मी विलेपार्ले पूर्वेला एका तीन मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. नुकताच निवृत्त झालो आहे. आमच्या हॉलच्या खिडकीखाली, भिंतीलगत, बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा मातीचा पट्टा आहे. सोसायटीने पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तेवढाच सुटला. गच्चीच्या पन्हळीचा पाइप त्याच्या एका टोकाला उघडतो, त्यामुळे पावसाळ्यात तिथे पाणी उभं राहतं. ऊन दुपारी तीनच्या सुमारास येतं आणि तासा-सव्वा तासात समोरच्या टॉवरमागे जातं. बांद्रा-कुर्ला संकुलात एका ऑफिसबाहेर मी जांभळट रंगाचं, लांब तुऱ्यांचं गवत पाहिलं. वाऱ्यावर फार सुंदर झुलतं. ते लावावं असं माझ्या मनात आहे. सौ. म्हणते, गवत कसलं लावता, अळू लावा, वड्या तरी होतील. मुलगा बंगळुरूहून फोनवर सांगतो, पालक-मेथी लावा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, गवत आणि अळू दोन्हीत साप येतात. कमी कष्टात काय होईल ते सांगा. गुडघे फार वाकत नाहीत.
– एक वाचक, विलेपार्ले

काका, नमस्कार.

अळू लावा. काकूंचं बरोबर आहे, पण वड्यांमुळे नाही, त्या पाइपामुळे. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. झाडाबद्दल विचारताना लोक जागेचे फोटो पाठवतात, ऊन किती ते लिहितात, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे क्वचित कुणी सांगतं. मुंबईत जमिनीत काही लावायचं तर निम्मा निर्णय पावसाळाच करून टाकतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या जुलैत. सांताक्रूझ तुमच्या शेजारचंच स्टेशन. त्यात अख्ख्या गच्चीचं पाणी तुमच्या छत्तीस चौरस फुटांच्या एका टोकाला!

तुम्ही पाहिलेलं गवत बहुधा पेनिसेटम असावं. नर्सरीत ‘फाउंटन ग्रास’ म्हटलं की देतात. ते आपल्या बाजरीच्या जवळच्या नात्यातलं. तुरा हातात घेऊन पाहिलात तर लक्षात येईल, कणसाचाच घाट, फक्त बारीक, केसाळ आणि टोकाशी वाकलेला. मूळचं ते आफ्रिकेतल्या कोरड्या, उघड्या जागांवरचं. त्याला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन हवं आणि मुळाशी पाणी थांबलेलं त्याला अजिबात चालत नाही. तुमच्याकडे याच्या बरोबर उलटं आहे.

तरी लावलंत तर काय होईल ते सांगते. मे महिन्यात आणाल तेव्हा छान दिसेल. जूनमध्ये तरारेल, तुम्ही काकूंना बोलावून दाखवाल. जुलैत पाती उंच होतील पण उभी राहणार नाहीत, खिडकीखाली लोळतील. ऊन नसलं की त्याचा जांभळा रंग उतरतो आणि एक मळकट हिरवा राहतो, तुरे तर येतच नाहीत किंवा दोन-चार येऊन थांबतात. पाइपाच्या बाजूचे ठोंब ऑगस्टात बुडाशी तपकिरी आणि मऊ पडतील. पात्यांची जुडी धरून जरा ओढलीत तर ती मुळं मातीत सोडून हातात येईल आणि बुडाला कुजल्याचा वास असेल. मग त्याला औषध नाही.

ऑफिसबाहेर ते इतकं सुरेख का दिसतं, यालाही कारण आहे. तिथे रस्ता रुंद, ऊन दिवसभर, वाफे जमिनीपासून उचललेले आणि खाली निचऱ्याची सोय केलेली असते. शिवाय अशा ठिकाणी बागेचं वार्षिक कंत्राट दिलेलं असतं. ठोंब मेला की माळी तो उपटून त्या जागी नर्सरीतला नवा बसवतो. आपल्याला नेहमी ताजं गवत दिसतं, मेलेलं कधी दिसत नाही. कंत्राटी बागांमधली झाडं पाहून घरासाठी निवड करू नये असं माझं ठाम मत आहे, मग ते गवत असो नाहीतर हॉटेलच्या दारातला फुलांचा गालिचा.

आता अळू. त्याला सावली चालते, ओल तर हवीच असते. कोकणात परसात न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे अळवाचा खाचर असतो, तो उगाच नाही. भाताच्या खाचरासारख्या उभ्या पाण्यातही हे पीक घेतात. तुमच्या पाइपाखालची जागा, जी बाकी सगळ्या झाडांना मारेल, ती अळवाला मानवेल. आणि तुम्हाला शोभेचं काही हवंय ना, तर परदेशात हेच अळू केवळ पानांसाठी बागेत लावतात. नर्सरीवाले ‘एलिफंट इअर’ म्हणून जे विकतात त्यात याचेच भाऊबंद असतात. काळ्या देठाचं वडीचं अळू चांगलं पोसलं की कमरेएवढं होतं, पानं हाताच्या वितीपेक्षा मोठी. वारा आला की ती देठावर मागेपुढे हलतात. गवतासारखी सळसळ नाही, पण हालचाल आहे. पावसात खिडकीशी चहा घेऊन बसलात तर थेंब पानावर पाऱ्यासारखे धावताना दिसतील. पान ओलं होतच नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर असतो.

मात्र कंद लावायच्या आधी एक गोष्ट तपासा, आणि ती मनावर घ्या. त्या पाइपातून खरंच फक्त पावसाचं पाणी येतं का? जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांवर गॅलऱ्या आत घेतल्या जातात, तिथे वॉशिंग मशीन येतं, आणि प्लंबर त्याची नळी जवळच्या पाइपाला जोडून मोकळा होतो. तो जवळचा पाइप बऱ्याचदा पन्हळीचा असतो. पाऊस नसताना दोन-तीन दिवस सकाळी लक्ष ठेवा. कोरड्या दिवशीही तोंडाशी ओल दिसली, फेस दिसला, साबणाचा वास आला, तर त्या वाफ्यात खायचं काहीही लावू नका. पालेभाजी जमिनीतलं सगळं पानात ओढते आणि आपण पानच खातो. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पोसलेला पालक दिसायला किती हिरवागार असतो, पण तो घेताना आपण कचरतो ना? तोच नियम घरच्या वाफ्याला. एसीचं पाणी असेल तर चिंता नाही, ते हवेतलंच थिजलेलं पाणी.

फेस निघाला तर आधी कमिटीकडून ती जोडणी बदलून घ्या. तोवर अळूच लावायचं असेल तर शोभेचं लावा, आणि ते शोभेचं आहे हे घरात सगळ्यांना, कामवाल्या ताईंनाही, स्पष्ट सांगा.

मातीचंही तसंच. पेव्हर ब्लॉकवाले जो पट्टा सोडतात त्यात वर चार बोटं माती आणि खाली डेब्रिज असतं. फावड्याने दीड फूट खणवून घ्या. तुम्ही खणू नका, गुडघ्यांची काळजी घ्या, कुणाला तरी अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, लाद्यांची टोकं काढून टाका. सिमेंट-चुन्याचा अंश मातीत राहिला की झाडाला लोह घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतात. भिंतीच्या जुन्या रंगाचे पापुद्रे मातीत पडले असतील तर वरची माती सरळ बदला, जुन्या रंगांत शिसं असायचं. भरायला लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, साधारण दोनास एक. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर मोठी बाग उभी करून दाखवली, तेव्हा माती विकत आणण्यापेक्षा ती तयार करता येते हे तुमच्यासारख्या वेळ असलेल्या माणसाने करून बघायला हरकत नाही. पण पहिल्या वर्षी विकतची गोणी आणा, पावसाला फार दिवस राहिलेले नाहीत.

भिंतीपासून एक फूट मोकळं सोडा. इमारतीच्या जोत्याशी सतत ओल राहिली तर आत हॉलच्या भिंतीला पोपडे येतील, आणि कमिटीची तक्रारही रास्त असेल. वाफ्याचा उतार भिंतीकडून बाहेर ठेवा आणि बाहेरच्या कडेला हातभर रुंदीची उथळ चर काढून ती आवारातल्या गटारीकडे न्या. अळू ओलीत राहतं म्हणून दोन-दोन दिवस तळं होऊ द्यायचं असं नाही.

कंद कुठून आणायचे? गावी कुणी असेल तर उत्तमच, कोकणातलं कुणीही नातेवाईक पिशवी भरून देईल आणि वर चहाही पाजेल. नाहीतर वसई-विरारकडून सकाळच्या गाडीने भाजी घेऊन येणाऱ्या बायका असतात, त्यांच्यापैकी ज्या अळू विकतात त्यांना विचारा. ‘वडीचं, काळ्या देठाचं’ असं नेमकं सांगा. भाजीचं अळू वेगळं, त्याचा देठ हिरवट आणि पान पातळ. फदफद्याला ते चांगलं, वडीला गुंडाळताना फाटतं. बाजारातल्या अळकुड्या, म्हणजे अरवी, मातीत टाकली तरी फुटते, पण वडीला मनासारखं पान मिळेलच असं नाही. नर्सरीतून मात्र खायचं अळू आणू नका. तिथलं रंगीत ठिपक्यांचं कॅलेडियम किंवा चकचकीत पानांचं अॅलोकेशिया दिसायला भाऊ, पण पोटात गेलं तर घसा सुजवेल. नाल्याकाठचं रानअळूही नको, एक तर जात माहीत नाही, दुसरं म्हणजे नाला माहीत आहे.

लावणी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. कंद चार बोटं खोल, कोंब वर, दोन कंदांत दीड-दोन फूट अंतर. बारा फुटांत एका ओळीत सहा-सात ठोंब पुरे. लोक अळू दाट लावतात आणि तिथेच फसतात. संततधार लागली की अळवाला करपा येतो. पानावर आधी पाणी शोषल्यासारखा गोल डाग, मग तो तपकिरी होत वाढतो, त्यात वलयं उमटतात आणि कधी कधी डागावर पिवळट चिकट थेंब दिसतात. पाच-सात दिवसांत पान लोळतं. पाना-पानांत वारा खेळता असेल तर हा रोग आवरतो, दाटीत एका पानावरून दुसऱ्यावर जातो. डागाळलेलं पान दिसलं की देठासकट कापा आणि ओल्या कचऱ्यात द्या, तुमच्या कंपोस्टात नको. फवारण्या वगैरेच्या नादी लागू नका, खायचं पान आहे. अळ्या पडल्या तर सकाळी पानं उलटी करून हाताने वेचायच्या. सहा-सात ठोंबांना पाच मिनिटं लागतात, आणि अळवाची पानं कमरेच्या उंचीवर असल्यामुळे वाकावं लागत नाही.

साधारण दोन महिन्यांत तोडण्याजोगी पानं येतात. बाहेरची, पुरती उलगडलेली पानं घ्या, मधली सुरळी आणि दोन-तीन कोवळी पानं ठोंबाला ठेवा. म्हणजे जूनच्या सुरुवातीला लावलंत तर गणपतीच्या आसपास पहिली तोडणी. काकू ऋषिपंचमीची भाजी करत असतील तर त्यांना सांगा की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नेम आहे, आणि तुमच्या वाफ्यात बैल शिरायला जागाच नाही. त्या भाजीसाठी दादरच्या बाजारात आदल्या दिवशी अळवाच्या जुडीला जो भाव येतो तो त्यांना माहीत असेलच.

खाजेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म खडे असतात, ते त्वचेत आणि घशात टोचतात. चिरताना हाताला तेल लावायचं, पानामागच्या जाड शिरा सोलून काढायच्या, नीट शिजवायचं, आणि चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय राहायचं नाही. वडीच्या पिठात चिंचेचा कोळ घालतात तो काही फक्त चवीसाठी नाही. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर अळू बेताने, डॉक्टरांना विचारून. पान तोडल्यावर देठातून जो चीक येतो त्याचे डाग कपड्यावरून जात नाहीत. जुना बनियन घालून तोडा.

आता कष्ट. इथे गवताची बाजू घेतली पाहिजे. योग्य जागी लावलेलं फाउंटन ग्रास खरोखर कमी कामाचं असतं. पाणी बेताचं, खत जवळपास नाही, वर्षातून एकदा वीतभर ठेवून कापायचं, झालं. अळू पावसाळ्यात काही मागत नाही, पण ऑक्टोबरची हीट सुरू झाली की रोज पाणी हवं. एक दिवस चुकला तर दुपारी चारला पानं मान टाकतात. तुम्ही बंगळुरूला मुलाकडे महिनाभर जात असाल तर शेजारी सांगून ठेवावं लागेल. पण अळवाचं एक बरं आहे, पाणी तुटलं तरी ते मरत नाही. वरची पानं वाळून जातात, कंद जमिनीत झोपतो, पुढच्या पावसाला उठतो. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात लागली की त्याला तसं झोपू द्या, पिण्याचं पाणी ओतून जगवायचा हट्ट धरू नका. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी पुरेल तेवढं द्या.

साप. मुंबईत साप उंदरांच्या मागे येतात, गवताच्या किंवा अळवाच्या मागे नाही. आवारात कचऱ्याचे डबे उघडे असतील, पडका लाकूडफाटा असेल, तर त्यांना कारण आहे, तुमच्या सहा ठोंबांमुळे नाही. तुम्हाला खरा त्रास होईल तो घुशींचा. त्या वाफा उकरतात आणि कंद कुरतडतात. लावताना मातीखाली चारी कडांना बारीक तारेची जाळी उभी गाडलीत तर बराच फरक पडतो. आणि डासांचं वहिनींनी विचारलं नाही, पण त्यांनी विचारायला हवं होतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. अळवाच्या देठांच्या बेचक्यात पाणी राहतं. पाऊस चार दिवस थांबला की ठोंब बुडाशी धरून हलवा, पाणी सांडून जाईल. आठवड्यातून एकदा हे झालं तर महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन आला तरी त्याला काही सापडणार नाही.

मुलाच्या पालक-मेथीबद्दल. ती थंडीची पिकं, मुंबईत ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. त्यांना निदान चार तास ऊन हवं. तुमच्याकडे आत्ता एप्रिलमध्ये तास-सव्वा तास आहे, पण तो बारा महिने तेवढाच राहील असं समजू नका. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर, म्हणून मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे जातो, आणि डिसेंबरात पार दक्षिणेला कलून नैऋत्येला मावळतो. समोरचा टॉवर नेमका कुठे आहे त्यावर तुमचं हिवाळ्यातलं ऊन ठरेल. कदाचित बाजूने दोन तास जास्त मिळतील, कदाचित तेही जाईल. डिसेंबरात एका रविवारी वाफ्याच्या कडेला खडूने ऊन आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा, मग मुलाला उत्तर द्या. तोवर त्याला समाधान हवं असेल तर खिडकीच्या ग्रिलवर एका पसरट ट्रेमध्ये वाळू-माती घालून मेथी पेरा. समुद्रमेथी म्हणून बारीक जुड्या विकतात ना, वाळूत वाढवलेल्या, तशी कोवळीच कापायची. दहा-बारा दिवसांत मूठभर होते. आमटीला पुरते, भाजीला नाही.

लाल माठाची कल्पना कुणी सुचवली तर तीही बाजूला ठेवा. रंगाने तो तुमच्या गवताच्या सगळ्यात जवळचा, पण त्याला गवताइतकंच ऊन लागतं.

एवढं ऐकूनही गवत मनातून जात नसेल, तर ते वाफ्यात नको, गच्चीवर एका मोठ्या कुंडीत लावा. चौदा इंची, तळाला तीन भोकं, अर्धी माती आणि बाकी वाळू-कोकोपीट-खत, म्हणजे निचरा होतो. खाली ताटली ठेवू नका. विकत घेताना जांभळट पानांचंच घ्या. ते बियांनी जवळपास पसरत नाही, ठोंब फोडूनच वाढवतात. हिरव्या पानांच्या जातीचं बी वाऱ्याने उडतं आणि हवाई बेटांसारख्या ठिकाणी त्याने रान माजवलं आहे. लग्नाच्या स्टेजवर जे पांढरे झुपकेदार तुरे लावतात ते पँपास गवत, त्याच्या मोहात पडू नका. आपल्या दमट हवेत ते रमत नाही, आणि त्याच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हात कापतो.

आणखी एक मार्ग आहे, तो मला गच्चीपेक्षा बरा वाटतो, कारण तिथे तुम्हाला तीन जिने चढावे लागणार नाहीत. पाइपापासून सगळ्यात दूरच्या, कोरड्या टोकाला गवती चहाचा एक ठोंब लावा, जरा उंचवट्यावर. तोही खरंखुरं गवत आहे, पाती कमरेएवढी होऊन कारंज्यासारखी बाहेर वाकतात, वारा आला की सळसळतात. तुरे येणार नाहीत, आपल्याकडे लागवडीतल्या गवती चहाला फूल क्वचितच येतं. तुमच्या सावलीत तो भरगच्चही होणार नाही, विरळ राहील, पण सकाळच्या चहापुरता पाला देईल. त्याचीही पाती कडेला धारदार असतात, तेव्हा ती कात्रीने कापा, ओढू नका. पेव्हर ब्लॉकच्या कडेने हिरवी झालर हवी असेल तर मोंडो ग्रास मिळतं. नावात ग्रास असलं तरी ते गवताच्या कुळातलं नाही, आणि सावलीत चालतं.

खणायला माणूस बोलावण्याआधी कमिटीला एक पत्र द्या. खिडकी तुमची असली तरी तो पट्टा सोसायटीचा आहे. काय लावणार, पाण्याचा उतार कुठे काढणार, भिंतीपासून किती अंतर ठेवणार, हे चार ओळींत लिहा आणि पोच घ्या. पत्रात पाइपाची तपासणी करून देण्याची विनंतीही टाका, म्हणजे ती तुमची एकट्याची तक्रार राहत नाही. आजूबाजूला सगळीकडे पुनर्विकास चाललाय, तुमच्या इमारतीचीही बोलणी सुरू असतील तर नर्सरीच्या महागड्या झाडांवर पैसे घालू नका. अळवाचे कंद काय, निघायच्या दिवशी उपटून पिशवीत घातले की भाड्याच्या घरी बादलीतही लागतात.

पहिली तोडणी झाली की लगेच पंधरा पानांच्या वड्यांचा घाट घालू नका. प्रत्येक ठोंबाचं एक-एक पान वेगळं, आमसूल घालून शिजवा आणि चमचाभर चाखून पाहा. ज्या ठोंबाचं पान घशाला खाजेल त्याच्या शेजारी काडी रोवून ठेवा आणि गणपतीनंतर तो काढून टाका. बाकीच्यांचे फुटवे त्या जागी लावा, ते तोवर आलेले असतील.